चुंबकीय स्लाइमचा प्रयोग मुलांच्या हाती नीट द्यावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्टीतील विज्ञान शिबिरांच्या जाहिराती मार्चअखेरीपासून वृत्तपत्रांत आणि सोसायट्यांच्या फलकांवर झळकू लागतात. गेली काही वर्षे त्यांत ज्वालामुखी आणि पाण्याचे रॉकेट यांच्या जोडीला ‘मॅग्नेटिक स्लाइम’ हे आकर्षण ठळक अक्षरांत असते. काळा, चिकट, लोंबणारा गोळा चुंबक जवळ येताच त्याच्याकडे टोक काढतो, सरकत जाऊन त्याच्यावर चढतो आणि हळूहळू त्याला पोटात घेतो. हे दृश्य पाहून मुले जागची हलत नाहीत, यात नवल नाही. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले असून कराड परिसरातील मुलांबरोबर हा उपक्रम आजही करते. तो बंद करावा असे माझे मुळीच म्हणणे नाही. परंतु आज तो ज्या रीतीने उरकला जातो त्यात मुलांच्या वाट्याला विज्ञान फार थोडे येते, आणि काही ठिकाणी लहान मुलांच्या हाती पडूच नयेत अशा वस्तू त्यांच्या हाती पडतात. त्याविषयी शिबिरांचे आयोजक, शिक्षक आणि पालक यांच्यापुढे काही गोष्टी मांडाव्यात यासाठी हा पत्रप्रपंच.

बहुतेक ठिकाणी या उपक्रमाचे स्वरूप ठरलेले असते. मापून आणलेल्या पुड्या असतात, ताई किंवा दादा त्या एकत्र करतात, मूल ढवळते, चुंबक जवळ धरते, फोटो निघतो आणि पुढच्या टेबलावरचा ‘प्रयोग’ सुरू होतो. असे का होते, हे एखाद्या चौकस मुलाने विचारलेच, तर ‘स्लाइममध्ये मॅग्नेट आहे ना, म्हणून’ असे उत्तर मिळते. हे उत्तर चुकीचे आहे. गोळ्यात चुंबक नसतो. त्यात लोखंडाची बारीक पूड किंवा काळ्या लोह ऑक्साइडचे, म्हणजे मॅग्नेटाइटचे कण असतात. चुंबक जवळ आला की त्यातला प्रत्येक कण तेवढ्यापुरता छोटासा चुंबक बनतो, शेजारच्या कणाला डोक्याशी शेपूट लावून चिकटतो आणि अशा साखळ्या चुंबकीय बलरेषांच्या दिशेने उभ्या राहतात. गोळ्याच्या पृष्ठभागावर काटे उभारल्यासारखे दिसतात ते यामुळेच. चुंबक दूर नेला की हे उसने चुंबकत्व जवळजवळ सगळे ओसरते. इयत्ता सहावी-सातवीच्या मुलांना हे पडताळून पाहता येते, कारण सजातीय ध्रुवांतील प्रतिकर्षण हीच चुंबकत्वाची खरी कसोटी, हे त्यांनी वाचलेले असते. होकायंत्राच्या सुईजवळ नुसता गोळा नेला तर सुईची दोन्ही टोके त्याच्याकडे ओढली जातात, कोणतेही टोक दूर ढकलले जात नाही. पाठ केलेले वाक्य मुलाच्या हातात खरे ठरण्याची ही संधी असते आणि ती आपण फोटोच्या घाईत घालवतो.

याच पदार्थाला काही फलकांवर ‘फेरोफ्लुइड’ असे भारदस्त नाव दिलेले असते, तेही दुरुस्त व्हायला हवे. फेरोफ्लुइड 1963 साली अमेरिकेच्या नासा या संस्थेत स्टीव्ह पॅपेल यांनी तयार केले. वजनरहित अवस्थेत अग्निबाणाचे द्रव इंधन चुंबकाच्या साहाय्याने हव्या त्या दिशेला खेचता यावे, ही त्यामागची कल्पना होती. त्यातील कण सुमारे 10 नॅनोमीटर इतके सूक्ष्म असतात आणि द्रवात तरंगतच राहतात. आपल्या गोळ्यातली पूड त्याहून हजारो पट जाड असते. पातळ पाण्यात ती केव्हाच तळाशी बसली असती, ती स्लाइमच्या चिवटपणामुळे अडकून राहते.

हा चिवटपणा कोठून येतो, हेही मुलांना सांगण्याजोगे आहे. फेव्हिकॉलसारख्या पांढऱ्या गोंदात लांबच लांब रेणूंच्या साखळ्या असतात आणि त्या एकमेकींवरून घसरत असल्यामुळे गोंद ओतता येतो. त्यात टाकणखाराचे, म्हणजे बोरॅक्सचे पाणी घातले की बोरेटचे आयन या साखळ्यांना जागोजागी जोडतात, जणू शेवयांच्या गुंत्याला मध्ये मध्ये गाठी माराव्यात. मात्र या गाठी कायमच्या नसतात, त्या सुटतात आणि पुन्हा बसतात. म्हणूनच गोळा सावकाश ओढला तर हातभर लांबतो आणि झटक्यात ओढला तर तुटतो. चुंबकाची ओढ सावकाश आणि सतत असते, त्यामुळे कण पुढे सरकतात आणि सारे जाळे आपल्याबरोबर ओढून नेतात. चुंबकत्व आणि पदार्थाचा चिवटपणा असे दोन विषय इथे एका गोळ्यात एकत्र येतात, आणि मला या प्रयोगाचे महत्त्व वाटते ते याच कारणाने.

आता तो प्रयोग म्हणून कसा करावा, याविषयी. सर्वांत पहिली गरज आहे ती पूड न घातलेल्या गोळ्याची. शिबिरांत मला तो कुठेही दिसलेला नाही. स्लाइम गुळगुळीत फरशीवर ठेवले की ते स्वतःच्या वजनाने आपोआप पसरते. त्यामुळे चुंबकासमोर ठेवलेला गोळा पुढे आला तर त्यातला चुंबकामुळे आलेला भाग किती आणि नुसता पसरल्यामुळे आलेला किती, हे साधा गोळा शेजारी असल्याशिवाय सांगताच येत नाही. मुलांना ही गोष्ट आपण आधी सांगू नये. त्यांनी मोजमाप घ्यावे, ‘चुंबकाने इतका ओढला’ असे जाहीर करावे आणि मग त्यांच्यापुढे साधा गोळा ठेवावा. तोही थोडा पुढे आलेला पाहून वर्गात जो गोंधळ उडतो, तो मला कोणत्याही टाळ्यांपेक्षा मोलाचा वाटतो.

त्यानंतर आलेखाच्या कागदावर पारदर्शक प्लास्टिक अंथरून गोळा चुंबकापासून दोन, तीन, चार सेंटिमीटर अंतरांवर ठेवावा आणि तो चुंबकाला टेकेपर्यंतचा वेळ घड्याळावर पाहावा. अंतर दुप्पट केले की वेळही दुप्पट लागेल, असा बहुतेक मुलांचा अंदाज असतो. प्रत्यक्षात तो कित्येक पट वाढतो आणि थोडे आणखी दूर नेले की गोळा जागचा हलतच नाही. चुंबकाची ओढ अंतराबरोबर किती झपाट्याने घटते, हे सूत्राशिवाय समजण्याचा याहून सोपा मार्ग मला ठाऊक नाही. तीन गोळ्यांत कमी, मध्यम आणि जास्त पूड घालून पाहिले तर आणखी एक गोष्ट निघते. पूड वाढवत गेल्याने ओढ वाढते खरी, पण एका मर्यादेनंतर गोळ्याचा ताणच संपतो आणि तो भुगा होऊ लागतो. म्हणजे ‘सर्वांत चांगले’ प्रमाण मध्येच कुठेतरी असते आणि ते मुलांनी शोधायचे असते. पुडीत आधीच मापून दिलेल्या साहित्याने नेमका हा शोध हिरावून घेतला जातो.

चुंबक आणि गोळा यांच्यामध्ये पुठ्ठा, ॲल्युमिनियमचे झाकण, स्टीलचे ताट आणि लोखंडी तवा आळीपाळीने धरून पाहावे. तव्याआड ओढ जवळजवळ नाहीशी होते. पुष्कळशी स्टीलची ताटे मात्र चुंबकाला चिकटतही नाहीत आणि त्याची ओढ अडवतही नाहीत. ‘स्टील म्हणजे लोखंडच ना?’ हा प्रश्न इथे हमखास येतो. स्वयंपाकघरातल्या बऱ्याच भांड्यांच्या स्टीलमध्ये क्रोमियमबरोबर निकेलही असते आणि त्यामुळे त्याची अंतर्गत रचना बदलून ते चुंबकाला दाद देत नाही. याउलट स्टेनलेस स्टीलचे एक रुपयाचे नाणे, ज्यात निकेल नसते, चुंबकाला चिकटते. स्वयंपाकघरातून उठून मुलाने घरभर चुंबक घेऊन फिरावे, याहून अधिक काय हवे?

पूड कोठून आणावी, हा प्रश्न आयोजक नेहमी विचारतात. आपल्या भागात त्याचे उत्तर नदीकाठीच आहे. दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकात मॅग्नेटाइटच्या वर्गातील खनिजाचे बारीक कण असतात. खडक झिजला की ते नदीच्या वाळूत येतात. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला चुंबक कृष्णा-कोयनेच्या काठच्या कोरड्या वाळूतून फिरवला की पिशवीवर काळ्या कणांची लव उभी राहते. पिशवी कागदावर उलटी केली की कण खाली पडतात आणि चुंबक स्वच्छ राहतो. पिशवी विसरल्यास चुंबकावरचे कण खरडून काढण्यात दुपार जाते, एवढे आधीच सांगून ठेवते. हे काम वेळखाऊ आहे, मिळणारी पूडही थोडी असते आणि विकतच्या लोहकिसाइतकी जोरदार ओढ तिच्यात येत नाही. तरीही मी तिचाच आग्रह धरते, कारण ती मुलांनी स्वतः मिळवलेली असते आणि ती आधीच ऑक्साइडच्या रूपात असल्यामुळे ओल्या गोळ्यात सहजी गंजत नाही. लोहकीस गंजतो. काही दिवसांत काळा गोळा तपकिरी पडतो आणि त्याची ओढ मंदावते, कारण गंजाला चुंबक फारशी ओढ लावू शकत नाही. दोन्ही गोळे झाकण लावलेल्या डब्यांत शेजारी ठेवून आठवड्याने त्यांची तुलना करता आली तर रसायनशास्त्राचा एक धडा फुकटात पदरात पडतो. एक दिवसाच्या शिबिरात अर्थातच ते शक्य होत नाही.

या काळ्या कणांना एक मोठा इतिहासही आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थंड होताना त्यातील अशा खनिजांत त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा कोरली गेली. इथे कण फिरले नाहीत. खडक एका ठरावीक तापमानाखाली उतरताच कणांमधील चुंबकत्वाची दिशा कायम झाली. 1950 च्या दशकात शास्त्रज्ञांनी ही दिशा मोजली तेव्हा भारताचा भूभाग त्या काळी विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला होता, असे दिसून आले. भूखंडे सरकतात हे मान्य होण्यास ज्या पुराव्यांनी हातभार लावला, त्यांत आपल्या पायाखालचा हा दगडही आहे. सातारा-सांगलीच्या मुलांना हे सांगायला शिबिरात पाच मिनिटे काढता येणार नाहीत का?

आता सुरक्षिततेविषयी. यातला चुंबकाचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे. स्लाइम झटपट हलावे म्हणून पुष्कळ संचांत निओडिमियमचे चुंबक देतात. निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांच्या संयुगाचे हे चुंबक 1980 च्या दशकात जपान आणि अमेरिका येथे स्वतंत्रपणे विकसित झाले आणि आकाराच्या मानाने ते विलक्षण शक्तिमान असतात. हरभऱ्याएवढा एक चुंबक गिळला गेला तर तो बहुधा शौचावाटे निघून जाईल. पण दोन गिळले गेले, किंवा एका चुंबकाबरोबर लोखंडाचा तुकडा गेला, तर आतड्याच्या दोन वेगवेगळ्या वेटोळ्यांमधून ते एकमेकांना ओढून घेतात. मध्ये सापडलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो, तिथे भोक पडते आणि शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर उरत नाही. सुरुवातीची लक्षणे साध्या पोटदुखी-उलटीसारखी असल्यामुळे वेळ जातो. अमेरिकेत अशा चुंबकांवर 2014 साली कडक नियम आला, 2016 मध्ये न्यायालयाने तो रद्द केला, त्यानंतर मुलांनी चुंबक गिळण्याच्या घटना पुन्हा वाढल्या आणि 2022 मध्ये नवा नियम करावा लागला. काळ्या चिकट गोळ्यात बुडालेला बारीक चुंबक बाहेरून दिसत नाही आणि तो हरवला तर लक्षातही येत नाही. धाकटे भावंड घरात असेल तर यापुढचे सांगण्याची गरज नाही.

आपल्याकडे 2020 च्या आदेशानुसार 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची आहे. तयार संच घेणाऱ्या पालकांनी ती खूण पाहावी. परंतु आयोजक जेव्हा सुटे चुंबक स्वतंत्रपणे विकत आणून मुलांना वाटतात, तेव्हा ते खेळणे म्हणून विकलेले नसल्याने या खुणेचा आधार उरत नाही. म्हणून माझी विनंती अशी की, या प्रयोगासाठी बंद पडलेल्या स्पीकरमधील गोल, काळा फेराइट चुंबक वापरावा. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात तो सहज मिळतो, तळहाताएवढा असल्यामुळे तो गिळता येत नाही आणि जवळच्या अंतरावर त्याची ओढ पुरेशी असते. गोळा हळू चालतो, हे खरे. पण आपल्याला वेळ मोजायचा असल्याने हळू चाललेलाच बरा. स्पीकर फोडण्याचे काम मात्र मोठ्या माणसाने करावे, कारण फेराइट ठिसूळ असतो आणि त्याचे कपचे उडतात. लोहकीस वापरताना मुलांना चश्मे द्यावेत. ती पूड डोळ्यांत गेली तर ओरखडे पडतात आणि वर्कशॉपमधला लेथचा तेलकट, धारदार कीस तर मुळीच आणू नये.

टाकणखाराबाबत भीती आणि बेफिकिरी अशी दोन टोके दिसतात. एकदा हात लागल्याने काही होत नाही, हे खरे. पण तो पोटात जाणे, जखमेवर लागणे किंवा वारंवार हाताळला जाणे चांगले नाही. युरोपीय संघाने त्याचे वर्गीकरण प्रजननक्षमतेस घातक ठरू शकणाऱ्या रसायनांत केले आहे आणि चिकट खेळण्यांतून बाहेर पडू शकणाऱ्या बोरॉनला, म्हणजे टाकणखारातील मूलद्रव्याला, किलोमागे 300 मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. कॅनडाच्या आरोग्य खात्याने 2016 मध्ये पालकांना बोरिक आम्ल घातलेले स्लाइम घरी न करण्याचा सल्ला दिला. ‘बोरॅक्समुक्त’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या कृतींत कॉन्टॅक्ट लेन्सचे द्रावण असते, आणि ते स्लाइम घट्ट होते ते त्या द्रावणातील बोरिक आम्ल व बोरेटमुळेच. म्हणजे नाव बदलले तरी पदार्थ तोच. कॅरमची पावडरही बहुधा बोरिक आम्लच असते.

लहान मुलांसाठी खरोखर बोरॉनविरहित गोळा हवा असेल तर तो इसबगोलाचा होतो. एक लहान चमचा इसबगोल पेलाभर पाण्यात घालून उकळावा, उतू जाऊ लागला की खाली घ्यावा, ढवळावा आणि पुन्हा आचेवर ठेवावा. असे चार-पाच वेळा केले की निवल्यावर लवचीक, थरथरता गोळा तयार होतो. गोंदाच्या स्लाइमइतका तो लांबत नाही, दोन दिवसांत खराब होतो आणि तो शीतकपाटात ठेवावा लागतो. पण प्राथमिक शाळेच्या मुलांना कोमट गोळ्यात स्वतः पूड मळता येते. मोठ्या मुलांबरोबर टाकणखार वापरायचा असल्यास त्याचे विरल द्रावण शिक्षकांनीच करावे, पुडी मुलांच्या हाती देऊ नये, नंतर साबणाने हात धुवावेत आणि उरलेला गोळा मोरीत न टाकता कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्यावा.

ज्यांना हे सारे पोरखेळ वाटते त्यांच्यासाठी एक माहिती नोंदवते. हाँगकाँगच्या चायनीज विद्यापीठातील संशोधकांनी 2022 मध्ये पॉलिव्हिनाइल अल्कोहोल (गोंदासारखाच लांब साखळ्यांचा पदार्थ), बोरॅक्स आणि निओडिमियम चुंबकाचे कण यांपासून एक चुंबकीय स्लाइम तयार केले. शरीरात गेलेली बॅटरीसारखी वस्तू गुंडाळून घेण्यासाठी पुढे त्याचा उपयोग होईल का, हे त्यांना पाहायचे होते. कण विषारी असल्याने गोळ्यावर सिलिकाचा थर देण्याची काळजी त्यांनी घेतली. प्रयोगशाळेतही आतल्या पदार्थाचा इतका विचार होतो. आपल्या शिबिरांत पुडीवर त्यातील घटकांची नावेसुद्धा नसतात.

आपल्या वृत्तपत्रामार्फत आयोजकांना माझी विनंती आहे की, या उपक्रमाची जाहिरात करताना स्लाइममध्ये कोणते पदार्थ आहेत, चुंबक कोणत्या प्रकारचा आणि किती मोठा आहे, तो मुलांबरोबर घरी दिला जातो की शिबिरातच ठेवून घेतला जातो, आणि हा उपक्रम कोणत्या वयापासूनच्या मुलांसाठी आहे, एवढी माहिती मराठीत छापावी. पालकांनीही नोंदणीपूर्वी ती मागावी. आपल्या बालपुरवणीत सुट्टीच्या काळात इसबगोलाचा गोळा आणि साध्या गोळ्याशी त्याची तुलना करण्याची कृती मोजमापाच्या कोऱ्या तक्त्यासह प्रसिद्ध करता आली, तर शिबिराचे शुल्क न परवडणाऱ्या घरांतील मुलांनाही तो प्रयोग करता येईल. त्यासाठी लागणारा मजकूर तयार करून देण्यास मी आनंदाने तयार आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
कराड, जि. सातारा